मुळशी तालुक्याचा वास्तुवारसा : पाहण्याची दृष्टी व जपण्याची जबाबदारी

पुणे शहरातून पश्चिमेकडे निघालेला पौड रस्ता चांदणी चौक ओलांडून भूगाव, पिरंगुट व पौड या गावांवरून मुळशीच्या जलाशयाकडे जातो आणि पुढे ताम्हिणी घाटाने कोकणात उतरतो. या एका रस्त्याच्या आसपास वास्तुकलेची निरनिराळी युगे जवळजवळ उभी आहेत. डोंगरमाथ्यावर मराठेशाहीतील किल्ले आहेत, खोऱ्यात कौलारू घरे व ग्रामदैवतांची देवळे आहेत, नदीवर शंभर वर्षांपूर्वीचे दगडी धरण आहे आणि पूर्वेच्या टोकाला हिंजवडी येथे काचेने मढविलेल्या कार्यालयांची नगरी आहे. तरीही "मुळशीत पाहण्यासारखे काय आहे?" असा प्रश्न विचारला की धबधबे, पाऊस आणि हिरवे डोंगर एवढेच उत्तर बहुधा मिळते.

याचे कारण उघड आहे. वारसा म्हटला की वेरूळचे कैलास लेणे, रायगडाचा माथा किंवा पुण्यातील शनिवारवाडा डोळ्यांपुढे येतो. जे भव्य, जे प्रसिद्ध, ज्याच्याशी एखाद्या मोठ्या पुरुषाचे नाव जोडलेले, तेवढाच वारसा अशी समजूत रूढ झाली आहे. परंतु वास्तूचे मोल केवळ तिच्या वयावर वा भव्यतेवर ठरत नाही. ज्या भूमीवर ती उभी राहिली त्या भूमीला, तेथील पावसाला, हाताशी असलेल्या साहित्याला आणि त्या काळच्या माणसांच्या गरजेला तिने कोणते उत्तर दिले, यावरही ते ठरते. या कसोटीने पाहिल्यास मुळशी तालुका ही वास्तुकलेची एक उघडी पाठशाळाच ठरते. मात्र या पाठशाळेतील अनेक धडे कोणी वाचण्यापूर्वीच पुसले जात आहेत.

भूमी, पाऊस आणि दगड

मुळशीच्या बांधकामाचा पहिला शिल्पकार म्हणजे ज्वालामुखी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून दख्खनचे पठार तयार झाले. या थरांचाच काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, तालुक्याच्या किल्ल्यांत, जोत्यांत, देवळांत आणि धरणातही दिसतो. थरांच्या भेगांत लाव्हारस उभा शिरून घट्ट झाला आणि भोवतालचा खडक झिजून गेला, की भिंतीसारखा सुळका मागे राहतो. तैलबैल्याच्या जोड भिंती अशाच निर्माण झाल्या आहेत. दुरून पाहणाऱ्यास त्या एखाद्या महाकाय वास्तूचे अवशेष वाटतात.

दुसरा शिल्पकार म्हणजे पाऊस. पुणे शहरात वर्षाला सरासरी ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो; तेथून साठ किलोमीटरच्या आत असलेल्या ताम्हिणीच्या घाटमाथ्यावर तो पाच हजार मिलिमीटरच्याही पुढे जातो. एकाच तालुक्याच्या पूर्व आणि पश्चिम टोकांत पर्जन्यमानाचे एवढे अंतर असल्यामुळे घराच्या छपराचा उतार, पुढे आलेल्या वळचणीची रुंदी, जोत्याची उंची या साध्या वाटणाऱ्या बाबींना येथे जीवनमरणाचे महत्त्व होते. पश्चिमेकडे जावे तसे छप्पर अधिक उतरते व भिंती अधिक झाकलेल्या दिसतात. विद्यार्थ्यांना वास्तुकलेचा पहिला धडा द्यावयाचा झाल्यास तो येथूनच द्यावा.

डोंगरी किल्ले : निसर्गाला जोडलेली तटबंदी

शिवकाळात हा प्रदेश पौड मावळ, कोरबारसे मावळ, मुठा खोरे, मोसे खोरे अशा विभागांनी ओळखला जात असे. कोकणातून घाटमाथ्यावर येणाऱ्या वाटा या मावळांतून जात. त्या वाटांवर नजर ठेवण्यासाठी कोरीगड, घनगड, कैलासगड यांसारखे किल्ले उपयोगी पडले.

यांपैकी कोरीगड हा वास्तुरचनेच्या अभ्यासास विशेष सोयीचा आहे. आंबवणे व पेठ शहापूर या गावांजवळ, समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर असलेल्या या गडाची तटबंदी आजही मोठ्या प्रमाणात सलग आहे. तटावरून गडाची संपूर्ण फेरी मारता येते. तट सरळ रेषेत धावत नाही. कड्याच्या काठाचे प्रत्येक वळण घेत तो पुढे जातो. कडा जेथे स्वतःच अभेद्य आहे तेथे बांधकाम बेताचे आणि जेथे चढाईस वाव आहे तेथे भक्कम, अशी डोंगरी किल्ल्यांची रीत असते. अशा गडांवर पाण्याची टाकी वा तळी खोदताना निघालेला दगड तट व इमारती यांच्या कामी येई. एकाच श्रमात पाणी आणि संरक्षण अशा दोन गरजा भागत. कोरीगडाच्या माथ्यावर दोन तळी आहेत, तर चढणीच्या वाटेवर खडकात कोरलेल्या गुहा व पाण्याची टाकी आढळतात. त्यावरून तटबंदीच्याही पूर्वीपासून या डोंगरावर माणसाचा वावर असावा, असे अनुमान निघते.

हा गड १६५७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांच्या स्वराज्यात आला. मार्च १८१८ मध्ये कर्नल प्रॉथर याच्या हाताखालील इंग्रज सैन्याने त्याला वेढा दिला. तोफगोळा दारूकोठारावर पडून स्फोट झाला आणि गड शत्रूच्या हाती गेला. गडावरील इमारती आज केवळ जोत्यांच्या रूपाने उरल्या असल्या, तरी कोराईदेवीचे मंदिर, गणेश दरवाजा आणि तोफा त्या इतिहासाची साक्ष देतात.

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने "मराठा लष्करी भूदृश्ये" या नावाने बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रातील व एक, जिंजी, तमिळनाडूतील आहे. मुळशीशेजारच्या मावळ तालुक्यातील लोहगड त्यात आहे. मुळशीतील एकही किल्ला नाही. ही खंत करण्याची बाब नव्हे. "भूदृश्ये" या शब्दातच एक महत्त्वाचा विचार दडला आहे. किल्ला म्हणजे केवळ तट आणि बुरूज नव्हेत. त्याच्या पायथ्याची वाट, पेठ, पाणवठा, देवराई आणि गडाची चाकरी करणाऱ्या घराण्यांची गावे हे सारे मिळून किल्ला होतो. यादीत नसलेल्या शेकडो गडांच्या बाबतीत हा परिसर सांभाळण्याचे काम पायथ्याच्या ग्रामपंचायतीवाचून दुसरे कोणी करू शकणार नाही.

घर आणि देऊळ : अनाम कारागिरांची वास्तुकला

किल्ल्यांची वर्णने ग्रंथांतून आली. खोऱ्यातील घराचे वर्णन मात्र क्वचितच कोणी केले. मावळातील जुने घर खणांच्या हिशेबाने मोजले जाई. दोन खांबांमधील अंतर म्हणजे एक खण. काळ्या दगडाचे जोते, त्यावर लाकडी खांब, तुळया आणि आढे, वर वासे व कौले किंवा गवत, पुढे ओसरी, मध्ये माजघर, वर धान्यासाठी माळा, कडेला वा घरातच गुरांचा गोठा, अशी ही रचना. भिंतींसाठी डोंगरातील कारवीच्या काठ्या उभ्या बांधून त्यांवर माती व शेण यांचा लेप देत. यास कूड म्हणतात. पावसाळ्यात वाऱ्याच्या दिशेची भिंत पेंढ्याच्या किंवा पानांच्या आडोशाने झाकली जाई.

या घरात अनावश्यक असे काहीच नाही. छपराचा भार खांबांवर असल्याने भिंत पातळ असली तरी चालते. कूड खराब झाला तर तेवढाच बदलता येतो. गुरांच्या सान्निध्याने पावसाळ्यात ऊब राहते आणि चुलीच्या धुराने छपराचे लाकूड किडीपासून वाचते. भाताच्या कापणीनंतर पेंढा छपराच्या कामी येतो. शेत, डोंगर, गुरे आणि घर यांचे असे एक चक्र होते. ते वास्तुविशारदाने कागदावर आखलेले नव्हते. सुतार, गवंडी आणि स्वतः शेतकरी यांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने सिद्ध केलेले होते.

या घराचे गुणगान करताना एक गोष्ट विसरता कामा नये. त्यात राहणाऱ्यांना धूर, ओल, अंधार आणि दरवर्षीची डागडुजी सोसावी लागत असे. पक्के घर, स्वच्छतागृह आणि उजेड यांवर ग्रामस्थांचा पूर्ण अधिकार आहे. कोणाही कुटुंबाने केवळ अभ्यासकांच्या समाधानासाठी पडक्या घरात राहावे, असे वारसा जपणे सांगत नाही. घर पाडावेच लागले तर त्यापूर्वी त्याची मोजमापे व छायाचित्रे घेता येतात, जुने लाकूड नव्या घरात वापरता येते आणि नव्या घरालाही उंच जोते, रुंद वळचण व ओसरी देता येते. जतन करावयाचे आहे ते शहाणपण.

देवळांच्या बाबतीत अधिक जागरूकता हवी. जीर्णोद्धार हा श्रद्धेचा विषय आहे आणि गावाची वर्गणी, श्रम व भावना त्यात गुंतलेल्या असतात. परंतु याच उत्साहात लाकडी सभामंडप उतरवून तेथे सिमेंटचा स्लॅब पडतो, कोरीव खांबांवर तेलरंगाचे थर चढतात आणि आवारातील वीरगळ व सतीशिळा पायरीला किंवा गटाराच्या कडेला लावल्या जातात. वीरगळ हा गावासाठी लढून पडलेल्या माणसाचे दगडातील स्मारक असतो. त्याच्या खालच्या चौकटीत बहुधा लढाईचा प्रसंग, वर वीराचे स्वर्गारोहण व त्यावर देवपूजा दाखविलेली असते. ज्याचे नाव कोणत्याही बखरीत नाही अशा गावकऱ्याची ती एकमेव खूण असू शकते.

येथे एक तांत्रिक बाबही लक्षात घ्यावी. जुन्या दगडी भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. चुना ओल शोषतो आणि बाहेरही सोडतो. अशा भिंतीवर सिमेंटचा कठीण गिलावा चढविल्यास ओल आत कोंडते, सांधे सुटतात आणि जी भिंत दोनशे पावसाळे टिकली ती काही वर्षांत फुगू लागते. पाच हजार मिलिमीटर पावसाच्या मुलखात ही चूक विशेष महाग पडते. जुन्या बांधकामाची दुरुस्ती चुन्यानेच करावी, हा नियम प्रत्येक देवस्थान समितीने ध्यानात ठेवावा.

मुळशीचे धरण : एका वास्तूच्या दोन आठवणी

तालुक्यातील सर्वांत मोठे बांधकाम म्हणजे मुळा नदीवरील मुळशीचे धरण. टाटा वीज कंपनीने बांधलेले हे दगडी धरण सुमारे ४९ मीटर उंच व दीड किलोमीटरहून अधिक लांब आहे. मुळेचे पाणी स्वभावतः पूर्वेस भीमेकडे जाणारे. धरणाने ते अडवून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेस वळविले आणि सुमारे पाचशे मीटर खाली, कोकणातील भिरा येथील वीजगृहात सोडले. १९२७ पासून तेथील वीज मुंबईस मिळू लागली. ज्या यंत्रविद्येने हे साधले तिचे कौतुक अभियांत्रिकीच्या कोणत्याही विद्यार्थ्यास वाटेल. स्वतःच्या वजनाने पाण्याचा रेटा थोपविणारी ही भिंत तळाशी रुंद व माथ्याशी अरुंद का, एवढा प्रश्न जरी विद्यार्थ्यांनी सोडविला तरी पदार्थविज्ञानाचा एक पाठ पुरा होतो.

परंतु या वास्तूची दुसरी आठवण पाण्याखाली आहे. धरणामुळे तेव्हाच्या मुळशी पेट्यातील पन्नासच्या आसपास गावे व सुमारे ११,००० माणसे बाधित होणार होती. आंबेमोहोर भाताची कसदार खाचरे, घरे, देवळे, पाणवठे, स्मशाने असे सारे खोरे जाणार होते. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सुमारे १,२०० सत्याग्रहींनी धरणाच्या जागी ठाण मांडून काम थांबविले. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे या लढ्याचे अग्रणी होते. या लढ्यामुळेच बापट "सेनापती" या नावाने महाराष्ट्रास परिचित झाले. काम काही काळ थांबले, पण पुन्हा सुरू झाले. शासनाने १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली जमिनी संपादन केल्या. सत्याग्रहींना तुरुंगवास घडला आणि १९२४ अखेर लढा ओसरला. प्रा. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा साक्षेपी अभ्यास करून जगातील पहिली धरणविरोधी चळवळ म्हणून त्याची नोंद केली आहे.

मग मुळशीचे धरण वारसा आहे की जखम? अभ्यासकाने या प्रश्नाचे एकच उत्तर देण्याची घाई करू नये. भिंतीतील प्रत्येक दगड घडविणाऱ्या मजुरांचे कौशल्य खरे आहे. मुंबईच्या उद्योगांना मिळालेली वीज खरी आहे. आणि ज्यांच्या खाचरांवर हे पाणी उभे आहे त्यांचे विस्थापनही तितकेच खरे आहे. यांपैकी एकच बाजू शिकविणारा पाठ अपुरा राहतो.

येथे एक तुलना उद्बोधक ठरेल. इजिप्तमध्ये नाईल नदीवर आस्वान येथे उंच धरण बांधले जात असताना अबू सिंबेल येथील प्राचीन मंदिरे बुडणार होती. १९६४ ते १९६८ या काळात युनेस्कोच्या पुढाकाराने, अनेक देशांच्या साहाय्याने, ती मंदिरे तुकड्यातुकड्यांनी कापून सुमारे ६५ मीटर उंचावर पुन्हा उभारण्यात आली. पुणे जिल्ह्यातच उजनी जलाशयात बुडालेले पळसदेवचे जुने मंदिर पाणी ओसरले की दर्शन देते आणि लोक ते पाहण्यास गर्दी करतात. मुळशीच्या खोऱ्यातील देवळे व घरे मात्र फॅरोह राजांची नव्हती. ती उचलून नेण्याचा विचार त्या काळी कोणाच्या मनात येण्याजोगा नव्हता. बुडणाऱ्या गावांतील वास्तूंचे नकाशे, मोजमापे व वर्णने पद्धतशीर रीतीने करून ठेवण्याची प्रथाही तेव्हा नव्हती. जे हलविता येत नाही त्याची निदान नोंद तरी राहावी, हा मुळशीच्या जलाशयाने शिकविलेला धडा आहे.

नवी वास्तुकला : अनुकरण आणि आकलन

गेल्या तीन-चार दशकांत तालुक्याचे रूप झपाट्याने पालटले आहे. हिंजवडी व माण परिसरात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान वसविले. बावधन बुद्रुक, सूस आणि म्हाळुंगे ही गावे २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत गेली. नव्या इमारती वाईट व जुन्या चांगल्या असे सरधोपट विधान करणे योग्य नाही. प्रश्न एवढाच, की नवी इमारत या भूमीला काय उत्तर देते?

या दृष्टीने तालुक्यातील तीन उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. पहिले, पौडनजीक खुबवली येथील महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज. १९९७ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेचा परिसर ख्रिस्तोफर बेनिंजर या वास्तुविशारदांनी रचला. अमेरिकेत जन्मलेले बेनिंजर भारतात स्थायिक झाले व २०२४ मध्ये त्यांचे पुण्यात निधन झाले. हा परिसर टेकडीवर एका अजस्र इमारतीच्या रूपाने उभा नाही. काळ्या दगडाच्या भिंती, उतरती छपरे, चौक, महाद्वार व त्यांना जोडणाऱ्या पायवाटा अशा लहान घटकांतून तो गावासारखा उलगडत जातो. विद्यार्थ्यांच्या निवासांच्या समूहांना तेथे "वाडा" असेच म्हणतात. २००० मध्ये या रचनेस अमेरिकन वास्तुविशारद संस्थेच्या सहयोगाने दिला जाणारा आंतरराष्ट्रीय पुरस्कार लाभला. जुन्या घराची नक्कल न करता त्यामागील तत्त्व नव्या कामासाठी कसे वापरावे, याचे हे उदाहरण आहे.

दुसरे उदाहरण हिंजवडीतील काचेच्या इमारतींचे. संगणकाधारित उद्योगास लागणारी विस्तीर्ण, सलग दालने आणि जगभरच्या ग्राहकांवर पाडावयाची छाप यांतून हे रूप आले. त्यांची तंत्रकुशलता नाकारता येत नाही. मात्र काचेतून आत येणारे उन्हाळ्यातील ऊन थोपविण्यासाठी वातानुकूलनावर वीज खर्च होते. जुन्या घराची वळचण हेच काम विजेवाचून करीत असे. दोन्हींची तुलना विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावी. निष्कर्ष त्यांचा त्यांना काढू द्यावा.

तिसरे उदाहरण मोसे खोऱ्यातील लवासा या गिरिनगराचे. वरसगाव धरणाच्या जलाशयाकाठी दासवे येथे उभारलेल्या या नगराच्या आराखड्यास अमेरिकेतील भूदृश्य वास्तुविशारदांच्या संस्थेचा पुरस्कार मिळाला होता. तेथील रंगीत दर्शनी भाग असलेली काठावरची घरे इटलीतील पोर्टोफिनो या बंदराची आठवण करून देतात. पुढे २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबविण्याची सूचना दिली, २०११ मध्ये पहिल्या टप्प्यास अटींवर मंजुरी मिळाली आणि २०१८ मध्ये प्रकल्पाची कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. उत्कृष्ट आराखडा आणि सुंदर दर्शनी भाग यांनी नगर वसत नाही. डोंगराची सहनशक्ती, पाणी, कायदा, अर्थकारण आणि मूळ रहिवाशांचे स्थान यांचाही मेळ बसावा लागतो, हे या उदाहरणावरून ध्यानात येते.

वास्तू कशी पाहावी

शाळेच्या क्षेत्रभेटीत विद्यार्थी वास्तूसमोर छायाचित्र काढून परततात. त्याऐवजी पुढील पाच प्रश्न हाती घेऊन त्यांनी एक तास एकाच वास्तूपाशी घालविल्यास अधिक लाभ होईल.

पहिला प्रश्न जागेचा : ही वास्तू येथेच का? पाणी, वाट, वारा, सुरक्षितता यांपैकी कशाने ही जागा निवडली गेली? दुसरा साहित्याचा : दगड, लाकूड, चुना, कौले कोठून आली, किती अंतरावरून आली? तिसरा रचनेचा : छपराचा भार जमिनीपर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचतो आणि पावसाचे पाणी कोणत्या मार्गाने बाहेर जाते? चौथा माणसांचा : ही कोणी बांधली, कोणासाठी बांधली, कोणाला आत प्रवेश होता आणि कोणाला नव्हता? पाचवा बदलाचा : मूळ वास्तूत नंतर काय वाढले, काय गेले आणि का?

या प्रश्नांची उत्तरे किल्ल्याला, घराला, धरणाला व कार्यालयाच्या इमारतीला सारखीच विचारता येतात. चौथा प्रश्न अनेकदा टाळला जातो. पण देवळाच्या गाभाऱ्यापासून वाड्याच्या माजघरापर्यंत प्रत्येक उंबरठ्याने माणसांत काही भेद केले आहेत. वारशाचा अभिमान बाळगताना हे भेद झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

कायदा आणि ग्रामपंचायत

१९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आपल्या संमिश्र संस्कृतीच्या समृद्ध वारशाचे मोल जाणून तो जतन करणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले. राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांना १९५८ च्या केंद्रीय कायद्याचे संरक्षण आहे. २०१० च्या सुधारणेनुसार अशा स्मारकांभोवतीचे १०० मीटर क्षेत्र बांधकामास प्रतिबंधित व त्यापुढील २०० मीटर नियंत्रित आहे. राज्य संरक्षित स्मारकांसाठी महाराष्ट्राचा १९६० चा अधिनियम असून त्याची कार्यवाही पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय पाहते. जमिनीत सापडलेल्या नाणी, दागिने आदी मौल्यवान वस्तूंची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे.

हे कायदे आवश्यक आहेत, पण त्यांचे संरक्षण घोषित स्मारकांपुरतेच पोहोचते. वेशीवरचा वीरगळ, गावची पायविहीर, जुनी चावडी, लाकडी सभामंडप यांची नावे सहसा कोणत्याही यादीत नसतात. येथेच पंचायत राज्यव्यवस्थेचे स्थान येते. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत सांस्कृतिक कार्ये व सामूहिक मालमत्तेची देखभाल हे विषय पंचायतींच्या कक्षेत आहेत. २०२० पासून स्वामित्व योजनेखाली गावठाणांचे ड्रोनद्वारे मापन होत आहे. त्या नकाशावर घराची हद्द दिसते. घराचे वय, त्याची बांधणी आणि त्यामागील कथा दिसत नाही. ही उणीव गावच भरून काढू शकते.

त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीने एक "वास्तुवारसा नोंदवही" ठेवावी. तीत वास्तूचे नाव व स्थान, मालकी, अंदाजे काळ, साहित्य, मोजमापे, सद्यस्थिती, चारही बाजूंची छायाचित्रे आणि गावातील वयोवृद्धांनी सांगितलेली माहिती असावी. जे ऐकीव आहे ते ऐकीव म्हणूनच लिहावे. मोजणी व छायाचित्रणाचे काम शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली शाळेतील मुले करू शकतील. नोंद ग्रामसभेपुढे वाचून दाखवावी, म्हणजे चुका दुरुस्त होतील आणि गावाचे लक्षही वेधले जाईल. नोंदवहीत आलेल्या वास्तूचा जीर्णोद्धार, रस्तारुंदी किंवा पाडकाम निघाल्यास त्यापूर्वी ग्रामसभेत चर्चा करण्याचा संकेत पाडावा. मूर्ती व शिल्पे जागेवरून हलविण्यापूर्वी पुरातत्त्व विभागाचा सल्ला घ्यावा.

पुणे शहराची हद्द पश्चिमेकडे सरकत आहे. रस्ते रुंद होतील, गावठाणे दाट होतील, कौलांच्या जागी स्लॅब येतील. यांतील बरेचसे अटळ आहे व काही इष्टही आहे. शंभर वर्षांपूर्वी मुळशीचे खोरे बुडाले तेव्हा गावकऱ्यांच्या हाती ना सत्ता होती, ना नोंदीचे साधन. आज ग्रामसभा आहे, शाळा आहे आणि जवळजवळ प्रत्येक घरात छायाचित्र घेणारे यंत्र आहे. आता जे पुसले जाईल त्याचा दोष पाण्याला देता येणार नाही. म्हणून नोंदवहीचे पहिले पान येत्या ग्रामसभेत उघडावे आणि गावाच्या वेशीवर जो पहिला जुना दगड उभा असेल, त्याच्यापासून लेखनास प्रारंभ करावा.